सकाळी हातातून पेला उडतो तेव्हा : फिट्सच्या प्रकारांबद्दल

रानजाई

नमस्कार. एरवी मी बागकामाच्या धाग्यांवर असते, त्यामुळे हा विषय पाहून काही जणांना नवल वाटेल. पण वर्षभर घरात जे चाललं होतं ते लिहून काढावं असं मनात होतं. मुलाला विचारूनच लिहितेय.

मुलगा आता अठराचा. दहावीच्या सुट्टीपासून सकाळी त्याच्या हातून वस्तू पडायला लागल्या. दुधाचा पेला, मोबाइल, कंगवा. दात घासताना ब्रश हिरडीत घुसायचा. उठल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात हे व्हायचं. एकदा आंघोळ-नाश्ता झाला की दिवसभर काही नाही. घरात त्याचं नाव पडलं धांदरट. मीही कमी बोलले नाही त्याला. "रात्री दोनपर्यंत जागायचं आणि सकाळी हात थरथरवायचे" हे माझं पेटंट वाक्य.

एक गोष्ट मात्र मी दोन वर्षं डोळ्यांनी पाहिली आणि तिचा अर्थ लावला नाही. हातातून सुटलेला पेला पायाशी पडतो, दूध ओट्यावर नाहीतर फरशीवर सांडतं. आमच्याकडे दूध समोरच्या भिंतीवर असायचं, खांद्याच्या उंचीला. म्हणजे पेला सुटत नव्हता, हात तो भिरकावत होता. मी ती भिंत कितीदा पुसली असेल देव जाणे.

बारावीच्या सराव परीक्षेच्या दिवशी पहाटे दोनला झोपून पाचला उठला. मोरीच्या दारात उभा होता, खांदे दोन-तीनदा उडाले, मग एक विचित्र ओरडणं आलं आणि तो आडवा. अंग ताठ, मग हातपाय झटके, तोंडाला फेस, ओठ निळे. सासूबाई कांदा घेऊन धावल्या, वरच्या मजल्यावरचे काका चप्पल घेऊन. मी नुसती उभी.

गावातल्या डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅन करवला, तो स्वच्छ आला. फिटची गोळी सुरू झाली, कार्बामॅझेपीन. आणि पुढच्या तीन आठवड्यांत हात उडणं कमी होण्याऐवजी दुप्पट झालं, दुसरी मोठी फिटही आली. तेव्हा मोठ्या शहरात मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी फाइल उघडलीच नाही. मुलाकडे बघून विचारलं, "सकाळी चहाचा कप हातातून उडतो का रे?" मुलाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही.

निदान : जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. किशोरवयात सुरू होणारी, सकाळच्या झटक्यांची. डॉक्टर म्हणाले, ही गोळी इतर काही प्रकारांत उत्तम आहे, पण ह्या प्रकारात झटके वाढवते. गोळी बदलली. आठ महिने झाले, मोठी फिट नाही. हात उडणंही जवळपास थांबलंय.

फिट म्हणजे माणूस खाली पडतो, फेस येतो, एवढंच मला माहीत होतं. तिच्या इतक्या तऱ्हा असतात आणि तऱ्हेगणिक औषध बदलतं हे आधी कळलं असतं तर दोन वर्षांची बोलणी वाचली असती. ज्यांनी जे पाहिलंय, सोसलंय, ते लिहा. उपाय नकोत, वर्णनं हवीत.

बिनटाक्याचा_शिंपी

रानजाई, भिंतीवरच्या दुधाचं वर्णन मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे, परवानगी गृहीत धरतो. (मी फिजिशियन, मेंदूविकारतज्ज्ञ नाही, पण वॉर्डात रोज फिट्स बघतो.)

ढोबळ नकाशा देतो. मेंदूतल्या पेशी विजेच्या बारीक लहरींनी एकमेकींशी बोलतात. बाजारात हजार माणसं आपापलं बोलत असतात तसं. फिट म्हणजे त्यातल्या पुष्कळ जणांनी अचानक एकाच तालात घोषणा द्यायला लागणं. घोषणा कोणत्या पेठेतून सुरू झाली, त्यावर बाहेर काय दिसणार ते ठरतं. हाताच्या पेठेत सुरू झाली तर हात उडेल, दृष्टीच्या पेठेत झाली तर रंगीत ठिपके दिसतील, आठवणींच्या पेठेत झाली तर भलतंच काही.

इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या संघटनेने २०१७ साली जी मांडणी केली तिचा पहिला प्रश्न हाच आहे : सुरुवात कुठून? मेंदूच्या एका भागातून असेल तर फोकल. दोन्ही अर्धगोलांत एकदमच असेल तर जनरलाइज्ड. कुणी पाहिलंच नसेल तर सुरुवात अज्ञात. फोकलमध्ये पुढचा प्रश्न, माणूस भानावर होता की नव्हता. आणि फोकल म्हणून सुरू झालेली फिट पसरत जाऊन सर्वांगाची होऊ शकते. त्यामुळे "आधी डावा हात उडाला, मग पडला" यातला तो डावा हात फार मोलाचा असतो. नातेवाईक नेमका तोच सांगायचा विसरतात, कारण पुढचं दृश्य भयंकर असतं.

जनरलाइज्डमध्ये सगळ्यांना माहीत असलेली ती मोठी फिट, म्हणजे टॉनिक-क्लोनिक : आधी ताठ, मग झटके. जुनी मंडळी ग्रँड माल म्हणायची. शिवाय मायोक्लोनिक, म्हणजे विजेच्या धक्क्यासारखा एकच क्षणभराचा झटका, रानजाईंच्या मुलाचा. ऍब्सेन्स, म्हणजे काही सेकंद हरवणं. आणि ऍटॉनिक, म्हणजे अंगातला जोरच जातो आणि माणूस कापलेल्या झाडासारखा कोसळतो. ह्या शेवटच्या प्रकारातली मुलं हेल्मेट घालून वावरतात, कपाळ फुटू नये म्हणून.

आणखी एक. एक फिट आली म्हणजे अपस्मार (एपिलेप्सी) जडला असं नाही. साखर उतरली, सोडियम कमी झालं, रोजची दारू एकदम सोडली तरी फिट येते. असं काही उघड कारण नसताना २४ तासांहून जास्त अंतराने दोन फिट्स आल्या, किंवा एकच आली पण पुढच्या १० वर्षांत पुन्हा येण्याचा धोका ६० टक्के किंवा अधिक दिसतो, तर अपस्मार म्हणतात.

पहिल्या डॉक्टरांबद्दल : ते चुकले असं मी इथे बसून म्हणणार नाही. समोर फक्त "पडला, झटके आले" एवढंच आलं तर ती गोळी देणारे पुष्कळ आहेत. पण सकाळच्या झटक्यांबद्दल विचारायला हवं होतं, हे खरं.

ओसरी

मी पहिल्यांदाच हे उघडपणे लिहितेय.

माझी फिट पोटातून सुरू होते. पाळणा वरून खाली येताना पोटात जसं कालवल्यासारखं होतं तसं काहीतरी बेंबीपासून घशाकडे चढत येतं. त्याच्याबरोबर पक्कं वाटतं की हे सगळं आधी घडलंय. समोर बसलेली माणसं, टेबलावरचा डाग, पंख्याचा आवाज, सगळं जसंच्या तसं. पुढच्या क्षणी कोण काय बोलणार तेही मला माहीत आहे असं वाटतं, आणि ते माहीत नसतं. मग एक जळका वास. तो मलाच येतो.

इथपर्यंत मला आठवतं. पुढचं नवरा सांगतो : मी एकटक बघते, ओठ चावल्यासारखे चुटचुट करते, उजव्या हाताने साडीचा नाहीतर ओढणीचा काठ चिमटीत धरून चोळत राहते. हाक मारली तर "हं" म्हणते, पण ते "हं" कुणालाच नसतं. दीडेक मिनिटाने परत येते आणि अर्धा तास शब्द सापडत नाहीत. एकदा बँकेच्या रांगेत झालं. मागच्या बाईंना वाटलं, मी मुद्दाम पुढे सरकत नाही.

लग्नाआधी सहा वर्षं हे "पित्त" म्हणून चाललं. नंतर दोन वर्षं "टेन्शन". एका ठिकाणी तर बाहेरचं आहे म्हणून अंगारा झाला. निदान झालं तेव्हा कळलं की कानशिलाच्या आतला भाग, टेम्पोरल लोब, तिथून सुरुवात आहे. एमआरआयमध्ये तिथला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींचं काम बघणारा भाग, आक्रसलेला दिसला. लहानपणी तापात बराच वेळ चाललेली आकडी आली होती असं आईला आठवत होतं.

दोन औषधं नीट मात्रेत घेऊनही थांबेना, तेव्हा शस्त्रक्रियेचा विषय निघाला. मेंदूवर सुरी म्हटल्यावर माहेर-सासर दोन्हीकडे रडारड. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत अशा शस्त्रक्रिया १९९५ पासून होतात हे वाचलं आणि तिथे गेलो. आधी चार दिवस डोक्याला तारा लावून कॅमेऱ्यासमोर ठेवलं. फिट यावी म्हणून औषध कमी करतात. आयुष्यात पहिल्यांदा मी फिटची वाट पाहिली.

शस्त्रक्रिया होऊन तीन वर्षं झाली. पोटातलं ते चढणं अजून क्वचित होतं. पुढचं काही होत नाही.

बिनटाक्याचा_शिंपी

ओसरी, धन्यवाद. ज्यांना शस्त्रक्रियेची धास्ती वाटते त्यांच्यासाठी आकडा देतो. कॅनडात टेम्पोरल लोबच्या ८० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते, २००१ साली निष्कर्ष छापून आले. वर्षाअखेर भान हरपणाऱ्या फिट्सपासून मुक्त असलेले शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के, नुसत्या औषधांच्या गटात ८ टक्के. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही फिट्स थांबत नसतील तर तिसरी-चौथी गोळी वाढवत बसण्याआधी अशा केंद्रात एकदा दाखवावं.

निसर्गमित्र_७

आयुर्वेदात यावर ब्राह्मी आणि शंखपुष्पी सांगितली आहे. ऍलोपॅथीच्या गोळ्या जन्मभर खाऊन मेंदू मंद होतो. माझ्या मेहुण्याने गोळ्या एकदम बंद केल्या, आता ठणठणीत.

खडूफळा

@निसर्गमित्र_७, धागाकर्तीने "उपाय नकोत" असं स्पष्ट लिहिलंय. आणि गोळ्या एकदम बंद करण्याचा सल्ला कृपया इथे नको. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी तेच केलं होतं. फिट थांबेचना, आठ दिवस अतिदक्षता विभागात. मेहुण्यांना शुभेच्छा.

आता माझा अनुभव. मी चौथीची वर्गशिक्षिका. वर्गात एक मुलगी होती, गुणी, पण शुद्धलेखनात मधलेच शब्द गायब. "काल आम्ही ...... गेलो." मी ओरडायचे, "लक्ष कुठे असतं गं तुझं?" पुढे लक्षात आलं की ती वाचतानाही मध्येच थांबते. पाच-सात-दहा सेकंद. डोळे उघडे, पापण्या किंचित फडफडतात, आणि मग जिथे थांबली तिथूनच वाचायला लागते. जणू कुणी बटण दाबून थांबवलं आणि पुन्हा सुरू केलं. दिवास्वप्न बघणारं पोर हाक मारली, खांद्याला हात लावला की दचकतं. ही दचकायची नाही.

मी दोन तासिका नुसती मोजत बसले. अकरा वेळा झालं. वहीच्या मागच्या पानावर वेळा लिहिल्या आणि ते पान पालकांना दिलं. ते पान घेऊन ते बालरोगतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टरांनी तिच्या हातात भिरभिरं दिलं आणि सांगितलं, फुंकत राहा. दोन मिनिटं जोरजोरात फुंकल्यावर भिरभिरं थांबलं, डोळे थिजले. निदान तिथेच! जोरजोरात श्वास घेतल्याने ही फिट उमटते म्हणे. नंतर ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढला तर सेकंदाला तीन या वेगाने येणारे काटे दिसले, तीच खूण.

ती मुलगी आता आठवीत आहे, गोळी बंद झाली आहे. शुद्धलेखन अजून वाईटच आहे, पण ते माझ्यामुळे.

डबलबेल

मी एसटीत वाहक. घाटात गाडीत फिट आलेली तीनदा पाहिली. पहिल्या वेळी मी स्वतः त्या माणसाच्या दातात तिकिटाच्या ट्रेची कडा घातली होती, जीभ चावू नये म्हणून. त्याचा पुढचा दात तुटला. आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या वेळी गाडीत एक सिस्टरबाई होत्या. त्यांनी सगळ्यांना दटावलं. चप्पल हुंगवायची नाही, कांदा नाही, मुठीत किल्ल्या कोंबायच्या नाहीत. हातपाय दाबून धरायचे नाहीत, खांदा निखळतो. जीभ गिळली जात नाही, ती तोंडातच असते. आजूबाजूचं सामान बाजूला करा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, गळ्याचं बटण सोडा, झटके थांबले की कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर गळेल. आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. मला म्हणाल्या, "तुम्ही एकच काम करा, घड्याळ बघा." पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर गाडी सरळ दवाखान्यात न्यायची.

दीड मिनिट झालं होतं. मला वाटलं होतं अर्धा तास झाला.

तिसऱ्या वेळी मी घड्याळ पाहिलं. चप्पल काढणाऱ्याला मीच दटावलं.

रानजाई

डबलबेल, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून वरच्या काकांना देते. :)

आमच्याकडे आता फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलॅमचा फवारा फ्रिजवरच्या डब्यात असतो. पाच मिनिटांच्या वर गेली तर किती फवारे मारायचे ते डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलंय, तो कागद डब्याच्या झाकणाला चिकटवलाय. अजून वापरायची वेळ आलेली नाही.

म्हैसूरपाक

माझा प्रकार ऐकून लोक हसतात. मला (म्हणजे लहानपणी मला) डोक्यावरून गरम पाणी घेतलं की फिट यायची. नुसतं गरम पाणी प्यायलं, वाफारा घेतला, काही नाही. पण बंबातलं कडक पाणी तांब्याने डोक्यावर भसाभस ओतलं की तिसऱ्या-चौथ्या तांब्याला मी थिजायचो. आईला वाटायचं पोरगं आंघोळीत खेळतंय, कारण मी स्वतःहून आणखी पाणी ओतत राहायचो. ते थांबवता यायचं नाही, आणि खरं सांगायचं तर बरं वाटायचं.

वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही म्हैसूरला होतो, तिथल्या डॉक्टरांना हे ऐकून अजिबात नवल वाटलं नाही. दक्षिण कर्नाटकात हा प्रकार पुष्कळ आढळतो, त्याला हॉट वॉटर एपिलेप्सीच म्हणतात. तुर्कस्तानातही दिसतो म्हणे. बेंगळुरूच्या निम्हान्सने (मेंदूच्या आणि मनाच्या आजारांची संस्था) यावर बराच अभ्यास केला आहे. उपाय अगदी साधा निघाला : पाणी कोमट, डोक्यावर ओतायचं नाही, केस वेगळे धुवायचे. काही जणांना न्हाण्याच्या दीड-दोन तास आधी क्लोबाझामची गोळी देतात.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला अजूनही आई मोरीच्या दाराशी उभी राहते. मी बेचाळीसचा आहे.

गोठा

पशुवैद्यक आहे. कारणांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून माझ्या बाजूचं एक कारण लिहितो.

डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी. लोक म्हणतात, "आम्ही शाकाहारी, आमचा काय संबंध?" संबंध असा : नीट न शिजलेलं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी त्याच्या शौचातून बाहेर पडतात. उघड्यावर शौच, तेच पाणी भाजीच्या वाफ्यात. अंडी कोथिंबिरीवर, मुळ्यावर, काकडीवर, नाहीतर स्वयंपाक करणाऱ्याच्या न धुतलेल्या हातावर. ती पोटात गेली की अळी रक्तातून मेंदूत जाऊन गाठ करून बसते. म्हणजे मेंदूत अळी व्हायला मांस खावं लागत नाही, उलट अंडीच पोटात जावी लागतात. गाठ बरीच वर्षं गप्प राहू शकते. ती मरायला लागली की सभोवती सूज येते आणि फिट येते, बहुधा फोकल. स्कॅनमध्ये बांगडीसारखं कडं दिसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जिथे हा कृमी घर करून आहे तिथल्या अपस्माराच्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांच्या आसपास याच्यामुळे असतात. कोबीला उगाच बदनाम केलंय. शिजवलेल्या कोबीने काही होत नाही. पोह्यांवर भुरभुरायची कच्ची कोथिंबीर मात्र वाहत्या पाण्यात नीट धुवा.

आबा_कराड

माझं वय ७४. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा हलका झटका येऊन गेला. सहा महिन्यांनी जेवताना डावा गाल उडायला लागला, मग डाव्या हाताची बोटं, मग कोपरापर्यंत. मी पूर्ण शुद्धीत, बघतोय माझाच हात आणि थांबवता येत नाही. सुनेला वाटलं दुसरा झटका आला. डॉक्टर म्हणाले, ही फिट, जुन्या जखमेच्या व्रणातून निघालेली. म्हातारपणी अपस्मार नव्याने सुरू होतो हे मला माहीत नव्हतं. शिंपीसाहेबांच्या भाषेत फोकल, भान शाबूत. त्यानंतर दोन-तीन मिनिटं हात लुळा पडतो आणि परत येतो.

गोळीने थांबलंय. थोडी चिडचिड वाढली आहे असं घरचे म्हणतात. आधीपासून होती असं माझं मत.

बिनटाक्याचा_शिंपी

आबा, गोळी लेव्हेटिरासिटॅम असेल तर घरच्यांचं खरं असू शकतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. :)

टेम्सकाठचा

इंग्लंडातून. मला ३१ व्या वर्षी झोपेत फिट्स सुरू झाल्या. इथे लायसन्स खात्याला स्वतःहून कळवावं लागतं. गाडी चालवायची तर साधारणपणे वर्षभर फिट आलेली नसली पाहिजे. वर्षभर बसने फिरलो, अपस्मारासाठी औषधं इथे मोफत मिळतात.

पुण्याला आलो की चुलतभावाची स्कूटर बाहेर काढली जाते आणि "तू चालव" होतं. नाही म्हटलं की घरभर प्रश्न. भारतातही लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये फिटबद्दल सरळ प्रश्न आहे. तिथे सगळे न वाचता "नाही" वर टिक करतात.

पारिजात

ज्या विषयावर कुणी बोलत नाही तो मी काढते : लग्न.

माझ्या धाकट्या बहिणीचा आजार रानजाईंच्या मुलाचाच. स्थळं बघताना मावशी म्हणाली, "आधी सांगू नका, नंतर बघू." आम्ही सांगितलं. चार स्थळं गेली. पाचव्याने विचारलं, "मग रात्री लवकर झोपावं लागत असेल ना?" त्याच्याशी झालं.

कायद्याबद्दल दोन ओळी, कारण अजूनही गैरसमज आहे. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार झटके ही लग्नाच्या आड येणारी बाब होती. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला, विशेष विवाह कायद्यातूनही. "लपवलं म्हणून फसवणूक" असा वाद तरीही कोर्टात जातो, म्हणून आम्ही पहिल्या भेटीतच सांगायचो.

दुसरं म्हणजे औषध. तिला आधी व्हॅल्प्रोएट होतं. ते ह्या प्रकारात फार चांगलं चालतं, पण गरोदरपणात बाळासाठी घातक. जन्मजात व्यंग साधारण दहात एका बाळाला, आणि वाढीच्या, शिकण्याच्या अडचणी दहापैकी तीन-चार बाळांना. हे तिला पहिली पाच वर्षं कुणीच सांगितलं नव्हतं. लग्न ठरल्यावर मी विचारलं तेव्हा बदललं, सोबत फॉलिक ऍसिड. मुलीची आई असाल तर लग्नाची वाट बघू नका, वयात आली की विचारा. आणि स्वतःच्या मनाने बंद तर मुळीच करू नका.

तिठा

सगळे प्रतिसाद वाचले. एक शंका. माझ्या आतेबहिणीला "फिट" येते पण दोन ईईजी स्वच्छ. डोळे घट्ट मिटलेले, वीस-वीस मिनिटं डोकं डावीकडे-उजवीकडे, मध्येच थांबतं, पुन्हा सुरू. गोळ्यांचा उपयोग शून्य. घरचे म्हणतात नाटक करते. खरं काय?

बिनटाक्याचा_शिंपी

न बघता निदान नाही सांगणार. ईईजी स्वच्छ आला म्हणून अपस्मार नाही असं म्हणता येत नाही, अर्ध्यातासाचा पहिला आलेख अपस्मार असलेल्यांतही पुष्कळदा स्वच्छ येतो. पण तुम्ही लिहिलेलं वर्णन, विशेषतः मिटलेले डोळे आणि थांबत-थांबत चाललेला लांब वेळ, हे वेगळ्या प्रकाराकडे बोट दाखवतं. त्याला फंक्शनल किंवा डिसोसिएटिव्ह सीझर म्हणतात. विजेची गडबड नसते, त्यामुळे फिटच्या गोळ्या लागू पडत नाहीत. पण ते नाटकही नसतं. बहिणीच्या हातात ते नसतं. उपचार असतात, ते समुपदेशनाच्या अंगाने जातात. पुढच्या वेळी मोबाइलवर चित्रण करा, आणि चेहरा दिसेल असं करा. माझ्याकडे येणारी निम्मी चित्रणं गादीची असतात.

अवांतर : नटराजाच्या पायाखाली जो बुटका असतो त्याचं नाव अपस्मार. स्मृती निघून जाते तो अपस्मार. गंमत अशी की रानजाईंच्या मुलाचे झटके आणि आबांचा हात, दोन्हींत स्मृती जागच्या जागी असते. जुनं नाव ओसरींच्या प्रकाराला जास्त शोभतं.

गवतीचहा

माहेरी सर्दी झाली की भीमसेनी कापूर आणि निलगिरीचं तेल रुमालावर टाकून हुंगायला देतात. आमच्या डॉक्टरांनी भावाला हे दोन्ही बंद करायला सांगितलं, फिटला चिथावणी मिळते म्हणून. बामच्या बाटलीवरचे घटक वाचा. आमच्याकडे आजी रागावली आहे.

रानजाई

इतकं येईल असं वाटलं नव्हतं. खडूफळा, तुमचं मागचं पान आणि माझी भिंत यांत फरक एवढाच की तुम्ही मोजलं.

काहींनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं की पुढे काय. डॉक्टरांनी सांगितलंय की ह्या प्रकारात औषध बरीच वर्षं, कदाचित कायम लागतं. झोप मोडणं हे सगळ्यात वाईट. पहाटे पाचचा क्लास सोडला, संध्याकाळची बॅच घेतली. बारावीला ७१ टक्के पडले. गणपतीत मित्रांबरोबर रात्रभर देखावे बघायला जायचं होतं, नाही म्हटलं तर दोन दिवस अबोला. शेवटी बापाबरोबर संध्याकाळी सातला जाऊन दहाला परत आला. ते काही त्याला आवडलेलं नाही आणि मी त्याला आवडायला लावणारही नाही.

आज सकाळी हा धागा त्याला वाचायला दिला. शेवटपर्यंत वाचला. ओसरींचा प्रतिसाद दोनदा वाचला. मग म्हणाला, एक चूक आहे, दुरुस्त कर.

मी म्हटलं, कुठली?

"दूध नव्हतं, बोर्नव्हिटा होता. दुधाचा डाग एवढा निघत नाही का तुला?"

भिंतीवर अजून फिकट तपकिरी आहे. बघून आले.